भाऊजींचे आठ पट्टे

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, आयुष्यात कधी चुकलेले नाहीत. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणतात. त्यांच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात त्या घरात जे काही फुटलं, करपलं, सांडलं किंवा हरवलं, ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातून. एकदा त्यांनी स्वतःचाच शर्ट इस्त्रीने जाळला, तर दोष कापडाचा निघाला. ताईने तो शर्ट फरशी पुसायला घेतला तेव्हा, "चांगलं कापड आहे, असं वाया घालवू नकोस," असंही तेच म्हणाले.

त्यांना दुसरा नाद झाकण्याचा. रिमोटला प्लास्टिक. सोफ्याला खोळ, खोळ मळू नये म्हणून वर चादर, आणि पाहुणे येणार असले की चादर मळू नये म्हणून पाहुण्यांना खुर्च्या. स्कूटरवर दोन आवरणं, आतलं नवं, बाहेरचं जुनं, दोन्ही दोरीने बांधलेली. ती उघडून स्कूटर बाहेर काढेपर्यंत ताई बाजारात पायी जाऊन परत येते. फ्रीजमध्ये कुठल्या ताटलीखाली काय आहे, हे शोधायला मी एकदा सात ताटल्या उचलल्या होत्या. पाच वाट्या रिकाम्या होत्या. पण झाकलेल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे. झाकण्यात भाऊजींचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पोटापाण्यासाठी ते ट्रक चालवायचे, पण बंद डब्याचा. माल दुसरे भरणार, दारं तिसरे लावणार, भाऊजी पुढे बसणार. आत साबण आहे की सुया, हे विचारणंसुद्धा त्यांना कमीपणाचं वाटायचं. "माझा संबंध स्टिअरिंगशी," ते म्हणत. "मागचं मागचे बघतील." मग ती कंपनी बंद पडली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी भाऊजी घरी बसले.

घरी बसले म्हणजे बसले नाहीत, हीच तर पंचाईत. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. आठवड्याने वजनाप्रमाणे लावले. चौथ्या महिन्यात ताईचा मला फोन आला.

"दोन दिवस झाले, मीठ सापडत नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "त्यांना तुझ्याकडे यार्डात चिकटव कुठेतरी. नाहीतर मीच तुझ्याकडे राहायला येते."

माझी एकच खोली आहे. मी दुसऱ्याच दिवशी बोलणी केली.

मी ट्रकच्या यार्डात गेटवर बसते. आमच्याकडे उघडे ट्रेलर. चाकांवर ठेवलेली सपाट फळी, ना भिंती ना छप्पर. त्यावर लोखंडी पाइप, लाकूड, यंत्रं, जे डब्यात मावत नाही ते सगळं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीभोवती मी एक चक्कर मारते, पावतीवर सही करते आणि गाडी सोडते. माझी सही झाल्याशिवाय फाटक उघडत नाही. अकरा वर्षं मी हा टेंभा मिरवत होते, हेही आत्ताच सांगून टाकते.

उघड्या ट्रेलरवर नव्या माणसाला सहा आठवडे माल बांधायला शिकावं लागतं. मग परीक्षेच्या तीन खेपा. तिन्ही पार पडल्या तर कायम, एक जरी फसली तर घरी. भाऊजींना घेताना साहेब मला म्हणाले, "तुमच्या शब्दावर घेतोय." मी मान डोलावली. ताईच्या मिठासाठी माणूस काय काय करतो.

शिकवायला मास्तर. तीस वर्षं उघडे ट्रेलर चालवून त्यांचे गुडघे गेले, आता ते एका उलट्या खोक्यावर बसून शिकवतात. बोलतात इतकं कमी की नव्या माणसाला वाटतं, यांचं आपल्याशी काही वाकडं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी भाऊजींच्या हातात चार बोटं रुंदीचा एक लांब पट्टा दिला आणि मालाकडे बोट दाखवलं. पट्टा मालावरून पलीकडे फेकायचा, पलीकडच्या कडेला हूक अडकवायचा, अलीकडे येऊन खटक्यात घालून दांडा वरखाली करत आवळायचा. एवढंच. भाऊजींचा पहिला पट्टा मालाच्या डोक्यावर बसून राहिला. दुसरा पलीकडे गेला, पण हातातलं टोक धरायचं राहिलं, त्यामुळे तो अख्खाच पलीकडे गेला. तिसऱ्याने त्यांचाच जेवणाचा डबा उडवला.

"वारा आहे आज," भाऊजी म्हणाले.

आम्ही शेडमध्ये होतो.

मास्तर म्हणाले, "पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या." सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि फडफडून सैल होतो, एक पीळ दिला की गप्प बसतो. भाऊजींनी पीळ दिला, मास्तरांची पाठ वळली तसा तो काढून पट्टा हाताने नीट सपाट केला. पीळ दिलेला पट्टा त्यांना गबाळा दिसत होता. मास्तर परत आले, त्यांनी पुन्हा पीळ दिला. सहा आठवडे या दोघांचं हेच चाललं होतं. एक जण पीळ देतोय, दुसरा काढतोय.

ताडपत्रीचा दिवस आला आणि चित्र पालटलं. जो माल भिजून चालत नाही, त्यावर आधी पट्टे आवळायचे आणि मग वरून ताडपत्री. ताडपत्र्या दोन. मागची आधी टाकायची आणि पुढची तिच्यावर चढवायची, म्हणजे पुढून येणारा वारा जोडात शिरत नाही. हे कोणी सांगायच्या आधी भाऊजींनी बरोबर तसंच केलं. कोपऱ्यांच्या घड्या अशा घातल्या की साड्यांच्या दुकानातला माणूस बघायला आला असता. दोऱ्या सारख्या अंतरावर, गाठी एका रेषेत. चार जुने ड्रायव्हर हातातला चहा घेऊन बघत उभे राहिले.

"ताडपत्री चांगली टाकता," मास्तर म्हणाले.

भाऊजींनी लगेच ताईला फोन लावला. मास्तरांचं वाक्य अजून संपायचं होतं, ते मी ऐकलं. "आता तिच्या खालचं शिका," असं पुढे होतं.

खालचं म्हणजे आमच्या यार्डाचा नियम. माल कितीही चांगला बांधा, पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये तो बसतो. धक्क्यांनी गठ्ठे एकमेकांवर दबतात, गठ्ठ्यांमधल्या लाकडी पट्ट्या चेपतात, उंची बोटभर कमी होते आणि घट्ट असलेला पट्टा सैल पडतो. म्हणून पन्नास किलोमीटरवर जो चहाचा थांबा आहे, तिथे उतरायचं, मालाभोवती फिरायचं, प्रत्येक पट्टा परत आवळायचा आणि गेटवर फोन करून सांगायचं, "फिरून आलो." मी वेळ घालून रजिस्टरमध्ये लिहायची. ताडपत्री असेल तर कडेच्या दोऱ्या सोडून, ती उचलून, आत हात घालावा लागतो. अर्धा तास जातो. सगळे फोन धापा टाकत येतात.

भाऊजींना हा नियम झोंबला. "मी आवळलेला पट्टा सैल होतोच कसा?" ते म्हणाले. "परत बघायचं म्हणजे आधी नीट केलं नाही असा अर्थ होतो."

"पट्टा सैल होतो यात तुमचा अपमान नाही," मास्तर म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच होतं.

पहिल्या दोन खेपांना मास्तर शेजारी बसले होते, त्यामुळे भाऊजी मुकाट्याने फिरले. पाइपांवरचे दोन पट्टे सैल निघाले, ते म्हणाले पट्टे जुने आहेत. विटांवरचा एक निघाला, ते म्हणाले रस्ता वाईट आहे. मास्तरांनी दोन्ही खेपा पास केल्या. मला वाटलं, सुटलो. ताईला मीठही सापडलं होतं.

तिसरी खेप प्लायवुडची. एकट्याने बांधायची, एकट्याने न्यायची. सकाळी सात वाजता भाऊजी कामाला लागले. आठ पट्टे, दोन ताडपत्र्या. साडेनऊला गाडी फाटकाशी आली तेव्हा मी खरोखर बघत राहिले. सुरकुती म्हणून नव्हती. कडा अशा सरळ की वाटावं, आत प्लायवुड नाही, एखादी ठेव आहे. मी चक्कर मारली. नियमाप्रमाणे कुठेतरी एक कोपरा उचलून आतला एक तरी पट्टा बघायला हवा होता.

"उचलू का?" मी विचारलं.

"घडी मोडेल," भाऊजी म्हणाले. मग आवाज खाली आणून, "धाकटे, माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

मला ताईचा रडवेला आवाज आठवला. मी सही केली.

अकराला दहा कमी असताना फोन आला. "फिरून आलो. सगळं ठीक," भाऊजी म्हणाले. आवाजात धाप नव्हती. आणि दोन शब्दांच्या मधे एक फुंकर होती, तिच्यामागून एक लांबलचक सुर्रर्र. हा आवाज मी एकोणीस वर्षं ताईच्या स्वयंपाकघरात ऐकला आहे. भाऊजी चहा असाच पितात, हजार जणांत ओळखू येतील. ते उतरून सरळ टपरीवर बसले होते. गाडीकडे गेलेसुद्धा नव्हते.

मला एका क्षणात सगळं कळलं. म्हणायला हवं होतं, "भाऊजी, कप खाली ठेवा आणि जाऊन बघा." त्याऐवजी मी पेन उचललं आणि लिहिलं: दहा पन्नास, फिरून आलो, सगळं ठीक. अक्षर छान आलं होतं.

आता मला आणि भाऊजींना, दोघांनाही माहीत नसलेली गोष्ट. तिसऱ्या खेपेला मास्तर छोटी गाडी घेऊन आधीच निघतात आणि त्या टपरीच्या मागच्या बाकावर जाऊन बसतात. यार्डात हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणजे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण कोणी सांगत नाही, कारण सांगायला गेलं तर आपल्या वेळेला काय सापडलं तेही सांगावं लागतं. भाऊजी फोनवर "सगळं ठीक" म्हणाले तेव्हा मास्तर त्यांच्या पाठीशी तीन हातांवर बसून बिस्किट बुडवत होते.

पुढचं मला मास्तरांनी सांगितलं नाही, टपरीवाल्याने सांगितलं, आणि त्याने ते येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. मास्तर उठले, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, दाखवा." घड्या मोडल्या, गाठी सुटल्या, ताडपत्री वर गेली. आठपैकी सहा पट्टे कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे लोंबत होते, एकालाही पीळ नव्हता. सगळ्यात पुढचा गठ्ठा वीतभर सरकून कडेला आला होता. तिथून पुढे दोन किलोमीटर उतार आहे. उताराच्या तळाशी वळण आहे आणि वळणावर शाळा. टपरीवाला म्हणतो, भाऊजी त्या गठ्ठ्याकडे बघत मटकन खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. कापडाला, रस्त्याला, वाऱ्याला, कोणालाच नावं ठेवली नाहीत.

मग मास्तरांचा मला फोन आला.

"काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं.

"ऐकू काय आलं होतं?"

अकरा वर्षांत कोणी मला हा प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर मी नाक मुठीत धरून उभी होते. भाऊजींना घरी पाठवायचं ठरलंच होतं. मास्तर खोक्यावरून उठून पहिल्यांदाच ऑफिसात आले. म्हणाले, "पाठवायचं तर दोघांना पाठवा. एकाने बघितलं नाही, एकीने बघितलं नाही. नाहीतर एक खेप दोघांना मिळून द्या. चार पट्टे तो बांधेल, चार ही. एकही पट्टा दडवला तर दोघं घरी." साहेबांना गेटवर दुसरं माणूस शोधायचा कंटाळा असावा. ते हो म्हणाले.

तर अशी मी बेचाळिसाव्या वर्षी पट्टे फेकायला शिकले. माझा पहिला पट्टा मालाच्या डोक्यावर बसून राहिला. भाऊजी काही बोलले नाहीत, हे मला फार लागलं. ते बदलले होते. पीळ देत होते, दोनदा तपासत होते, ताडपत्री घाईने टाकत होते. मला मात्र मनातून खात्री होती. अकरा वर्षं मी इतरांचे पट्टे बघितलेत, भाऊजींसारखी थोडीच आहे मी? माझे चार पट्टे मी इतके आवळले की दोन दिवस तळहात उघडत नव्हता. भाऊजींचे चार डावीकडून आवळलेले, माझे चार उजवीकडून. माल तोच, प्लायवुड.

थांब्यावर उतरलो. टपरीच्या मागच्या बाकावर मास्तर बसलेले होते, या वेळी उघड उघड. भाऊजी डाव्या बाजूला गेले, मी उजव्या. मी दोऱ्या सोडल्या, ताडपत्री उचलली आणि आत हात घातला.

पहिला पट्टा सैल होता.

हा माझा पट्टा? मी बांधलेला? दुसरा ठीक होता. तिसरा सैल. चौथा तर हाताने हलत होता. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला, त्या पट्ट्यांचाच. मी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. भराभर तिन्ही आवळले, ताडपत्री खाली सोडली, दोऱ्या बांधल्या. घडीसुद्धा नीट घातली.

भाऊजी गाडीला वळसा घालून आले. कपाळावर घाम, हातात फोन. गेटवर त्या दिवशी साहेब स्वतः बसले होते. "माझे दोन सैल निघाले," भाऊजी मला म्हणाले. "तुझे किती?"

"एकही नाही," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्या नजरेत जी ओळख होती, ती मला रागापेक्षा जड गेली.

"धाकटे," ते म्हणाले, "खटका वाजतो ना. कटकट, कटकट. मी पलीकडे मोजत होतो. तीनदा वाजला."

मग त्यांनी फोन कानाला लावला. "फिरून आलो," ते म्हणाले. "पाच सैल होते. दोन माझे, तीन हिचे. सगळे आवळले." थोडं थांबून, पलीकडून काहीतरी विचारलं गेल्यावर, "हो, तिनेच सांगितलं," असंही म्हणाले.

भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं काहीतरी झाकत होते. मास्तर बाकावरून बघत होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

भाऊजी कायम झाले. मी गेटवर परत बसते. आता फोन आला की मी "किती?" असं विचारते. कोणी "एकही नाही" म्हणालं की पेन खाली ठेवते आणि थांबते. पलीकडचा माणूस थोडा वेळ चिडतो, मग "एक मिनिट हं" म्हणतो, आणि मग लांबून कटकट, कटकट ऐकू येते. मी मोजत बसते.